खुंट

मनोरीच्या वळणावर टँकर मागे घेताना
खुरिसाचा आडवा दगड पडला. तीन तुकडे.
उभा तेवढा राहिला,
कमरेइतक्या चौथऱ्यावर, चुना लावलेला,
मैलाच्या दगडासारखा, पण मैल न सांगणारा.

ड्रायव्हर उतरला, त्यानं स्वतःचे कान धरले.
इनास कोलासोनं त्याला पाणी दिलं.
तुकडे गोणपाटात भरून मी घरी आणले.
पलंगाखाली सरकवले. दुसरं काय करणार.

त्याच आठवड्यात भाचा सुटीवर आला,
रेनल, सेमिनारीत ग्रीक शिकतो.
बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत म्हणाला,
मावशी, मूळ शब्द स्तौरोस.
त्याचा अर्थ आधी क्रूस नव्हताच.
नुसतं उभं लाकूड. जमिनीत ठोकलेलं.
कुंपणाला असतं ना, तसं.

बाबा एका कानानं ऐकतात.
मंग खुंट बोल ना, म्हणाले
आणि भात कालवत राहिले.

चाळीस वर्षं त्यांनी समुद्रात खुंट ठोकले.
दोन होड्यांच्या मधोमध उभं धरलेलं खोड,
तळाचा चिखल पायाला नाही,
दोराला कळायचा.
मग दोन खुंटांमध्ये डोल बांधायची, तोंड उघडं ठेवून,
पुढचं काम पाण्याचं.
खुंट कुणी घरी आणत नाही.
त्याला कालवं धरतात, शेवाळ धरतं.
जाळं मात्र खांद्यावरून येतं, खांद्यावरून जातं.

रेनल म्हणाला, काही विद्वान म्हणतात
तिथंही असंच असावं.
खांब गावाबाहेर आधीच उभा.
माणसानं वाहायचं ते आडवं लाकूड.

आधीच उभा,
बाबांनी पुन्हा म्हणून पाहिलं.
म्हंजे नेहमीच्या वापरातला.

नंतर बराच वेळ कुणी भात मागितला नाही.

मी सत्तावीस वर्षं गिरगावात छापखान्यात प्रुफं तपासली.
मिशनवाल्यांच्या पुस्तकांत क्रूस नसायचा,
वधस्तंभ असायचा.
कंपोझिटर ध चा घ करायचे,
मी लाल शाईनं घ चा ध.
खुरीस म्हणत वाढलेली मी,
तो शब्द मला पंचनाम्यातला वाटायचा,
थंड, शिक्का मारलेला.
हजारदा दुरुस्त केला असेल, वाचला मात्र नाही:
त्याला हात नव्हतेच कधी.

आणि स्थावर, रेनल हात धुता धुता म्हणाला,
आपलं स्थावर,
ते या स्तौरोसचं लांबचं भावंड.
मला हसू आलं. स्थावर म्हणजे आमच्याकडे
वकील, सातबारा, दोन भावांचा अबोला.
वळणावरची ती तीन फूट जागा
कुणाच्याच नावावर नाही.

संध्याकाळी मेणबत्त्या लागल्याच.
फिलोमीन वहिनी झेंडूचा हार घेऊन आली,
हातांवर टाकायला गेली, हात नाहीत.
दोनदा घसरला. मग तिनं तो
उभ्या दगडाला गुंडाळून गाठ मारली,
तापलेल्या पोराच्या गळ्याला रुमाल बांधावा तशी.
पावटे वेचताना बोलतात त्याच आवाजात
तिनं आमच्या बापा म्हटलं.

बाबांना मी धरून नेलं होतं.
माझा हात सोडून ते पुढे गेले,
दगडाच्या माथ्यावर पंजा ठेवला,
पुढे ढकलून पाहिला, मागे ओढून पाहिला.
ओहोटीआधी बघायचे तसा.

पक्का हाय, म्हणाले.
कुणाला, ते कळलं नाही.

गवंडी सोमवारी येतो म्हणालाय.
विचारत होता, जुनाच दगड सांधू
की सिमेंटचे नवे हात ओतू.
फादर म्हणाले, मावशीला विचार, तुकडे तिच्याकडे आहेत.

रात्री कूस बदलली की
पलंगाचा पाय गोणीला लागतो.